डिस्टॉर्शन पेडल मॉड करून जुन्या रॉकसारखा गरम टोन काढायचाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॉड म्हणजे पेडल उघडून आतले काही पार्ट बदलणं. सगळीकडे उदाहरण बॉस कंपनीच्या डीएस-१ या डिस्टॉर्शन पेडलचं घेतलंय, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाडून जाड करणाऱ्या डब्याचं. केशरी डबा, १९७८ पासून बाजारात आहे, आणि मुंबईत गिटार शिकणाऱ्या निम्म्या पोरांच्या बॅगेत तोच सापडतो. तुमच्याकडे दुसरं पेडल असेल तरी वाचा, पार्टचे नंबर बदलतील पण विचार तोच राहतो.

माझं पेडल किरकिरतं, माशी कानाशी घोंगावल्यासारखं. मॉड केल्यावर नक्की जाईल का?

बऱ्याचदा जाईल, पण आधी एक गोष्ट तपासा. पेडल कशात लावलंय? कारण सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात आणि उगाच सोल्डरिंग करत बसतात. गिटार अँपमधला बारा इंची स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचं फार कमी बाहेर काढतो, म्हणजे तो स्वतःच एक मोठा फिल्टर आहे. तोच पेडल तुम्ही थेट ऑडिओ इंटरफेसमध्ये (गिटार कॉम्प्युटरला जोडणारा डबा), होम थिएटरमध्ये किंवा पीए स्पीकरमध्ये लावलात की डिस्टॉर्शनमधून तयार झालेली वरची सगळी फरफर जशीच्या तशी कानात येते, आणि मग जगातला कुठलाही डायोड (सिग्नल कापणारा पार्ट) बदला, गरम वाटणार नाही.

पण मी बिल्डिंगमध्ये राहतो, रात्री हेडफोनशिवाय पर्याय नाही!

समजू शकतो, दादर असो नाहीतर डोंबिवली, भिंतीपलीकडे कोणीतरी झोपलेलंच असतं. मग पेडलच्या नंतर कॅब सिम्युलेशन लावा, म्हणजे गिटार अँपच्या स्पीकरची (कॅबिनेटची) नक्कल. फोनवर किंवा लॅपटॉपवर फुकट मिळणारी कॅब आयआर (अशा नक्कलेची फाइल) चालेल, नाहीतर छोट्या मल्टिइफेक्टमधलं फक्त कॅबिनेट चालू ठेवायचं आणि बाकी सगळं बंद. हे केल्यावर पेडल ऐका. तरीही कर्कश वाटलं तर मॉडकडे वळू.

अजून एक. हळू आवाजात आपल्या कानाला बेस आणि ट्रेबल दोन्ही कमी ऐकू येतात, म्हणून घरी सेट केलेला टोन जॅम रूममध्ये मोठ्याने वाजवला की एकदम टोचायला लागतो. शेवटचा निर्णय मोठ्या आवाजातच घ्या, तासाभराची जॅम रूम बुक करायला लागली तरी चालेल.

मॉड न करता फुकटात काही होतं का?

होतं, आणि बरंच होतं. डिस्ट (डिस्टॉर्शन किती ते) नॉब घड्याळाच्या काट्यासारखा नऊ-दहा वाजताच्या जागी, टोन नॉब आठ-नऊ वाजता, लेव्हल वर. अँपचा क्लीन चॅनल थोडा तुटायला लागेल इतपत गेन द्या. गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण न उघडता सात-आठवर ठेवा. साठ-सत्तरच्या दशकातला जो आवाज आपल्या डोक्यात असतो ना, त्यात पेडलचा वाटा कमी आणि जोरात चालवलेल्या ट्यूब अँपचा वाटा जास्त होता, डीएस-१ तर १९७८ च्या आधी नव्हताच. म्हणून पेडलने सगळं काम करावं ही अपेक्षा सोडली की निम्मा प्रश्न तिथेच सुटतो, पेडलने अँपला ढकलायचं, बाकी अँपला करू द्यायचं.

गरम टोन गरम टोन म्हणतात, तो सर्किटमध्ये नक्की कुठे असतो?

माझं मत सरळ आहे आणि मी त्यावर ठाम आहे: गरमपणा महागड्या पार्टमध्ये नसतो, तो कुठली फ्रीक्वेन्सी जाऊ दिली आणि कुठली अडवली यात असतो. मिड भरलेला हवा, वरचा भाग मऊ कापलेला हवा, बेस घट्ट हवा. डीएस-१ मध्ये यातल्या दोन गोष्टी मुद्दाम उलट्या आहेत. त्याच्या टोन सर्किटमध्ये दोन रस्ते आहेत, एक खालचा आवाज जाऊ देणारा (६.८ के म्हणजे किलोओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर, कट म्हणजे कापायला सुरुवात साधारण २३४ हर्ट्झला) आणि एक वरचा जाऊ देणारा (०.०२२ मायक्रोफॅरड आणि ६.८ के, कट साधारण १०६० हर्ट्झला). टोन नॉब या दोघांत मिसळतो. आता मधल्या ५०० हर्ट्झच्या आसपास काय होतं? दोन्ही रस्ते तिथे कमी पडतात आणि मोठा खड्डा पडतो. गिटारचा अंगभरपणा बराचसा तिथेच असतो, तोच खड्ड्यात गेला. म्हणून बँडमध्ये वाजवताना ड्रम आणि बेस सुरू झाले की तुमची गिटार गायब होते आणि फक्त वरची किरकिर उरते.

मग तो खड्डा भरायचा कसा?

हा माझ्या मते सगळ्यात कामाचा मॉड, आणि लोक हाच सोडून डायोडच्या मागे लागतात. टोन सर्किटमधला ०.१ चा कॅपॅसिटर काढून तिथे ०.०४७ लावा. खालच्या रस्त्याचा कट २३४ वरून साधारण ५०० हर्ट्झवर सरकतो, म्हणजे मिडचा बराच भाग आता त्याच रस्त्याने आत येतो. एवढ्यानेच फरक कळतो. अजून हवं असेल तर ०.०२२ च्या जागी ०.०३३ लावून वरच्या रस्त्याचा कट ७०० हर्ट्झच्या आसपास आणा. दोन्ही केलेत की खड्डा जवळजवळ सपाट होतो, आणि काही लोकांना ते फार नाकातलं वाटतं, सिंगल कॉइल पिकअपवाल्यांना (पिकअप म्हणजे तारांचा आवाज पकडणारा भाग) आवडतं, हंबकर म्हणजे दोन कॉइलच्या पिकअपवाल्यांना कधी कधी नाही. म्हणून आधी एकच बदला, दोन दिवस वाजवा, मग दुसऱ्याचं बघा.

ऐकायचं कसं तेही सांगतो. ओपन ए कॉर्ड मारा आणि तो पूर्ण विझेपर्यंत हात लावू नका. चांगल्या गरम टोनमध्ये कॉर्डच्या आतल्या तारा वेगळ्या ऐकू येतात, खराब टोनमध्ये सगळ्यांचा एकच गोळा होतो. मग बी तारेवर बाराव्या फ्रेटला एक नोट धरा, तिच्यावर वाळू घासल्यासारखा थर ऐकू येतो का बघा. तो थर पुढच्या मॉडने जाईल.

वरची फरफर कापायला काय बदलायचं?

क्लिपिंग करणाऱ्या, म्हणजे सिग्नलची टोकं कापणाऱ्या, दोन काचेच्या डायोडच्या शेजारी ०.०१ चा एक कॅपॅसिटर असतो, बहुतेक बोर्डांवर सी१० छापलेलं असतं. पण वेगवेगळ्या सालच्या बोर्डांवर नंबरांची खात्री धरू नका, तुमच्या बोर्डाचा सर्किट डायग्रॅम समोर ठेवा आणि व्हॅल्यू बघून ओळखा. तो कॅपॅसिटर आणि आधीचा २.२ के रेझिस्टर मिळून साधारण ७२०० हर्ट्झच्या वरचं कापतात. ०.०१५ लावलात तर ४८०० च्या आसपास, ०.०२२ लावलात तर ३३०० च्या आसपास. मी ०.०२२ सुचवतो, अँप आधीच अंधारा असेल तर ०.०१५. याच्या पुढे जाऊ नका, घोंगडीखालून वाजतंय असं होतं.

बेस वाढवायचा मॉड पण सगळे सांगतात, तो करू का?

नको. गेन स्टेजमध्ये ४.७ के आणि ०.४७ मायक्रोफॅरडची जोडी आहे, तिचा कट ७२ हर्ट्झला येतो. गिटारची सगळ्यात जाडी ई तार ८२ हर्ट्झची. म्हणजे गिटारकडे आहे तेवढा बेस आधीच आत जातोय, तिथे १ मायक्रोफॅरड लावून फक्त चिखल वाढतो. उलट हंबकर असतील आणि पाम म्यूट (तळहात तारांवर टेकवून वाजवणं) केल्यावर आवाज फुसका, ढबढबीत येत असेल तर ०.२२ लावून बघा, कट १५४ वर जातो आणि रिफ एकदम घट्ट होतात. जुन्या रॉकमध्ये खालचा भाग बेस गिटारवाल्याचा असायचा, तो त्याला द्या.

डायोड बदलल्याने खरंच फरक पडतो का, की नुसती हवा?

पडतो, पण लोक समजतात तसा नाही. मूळ डायोड सिलिकॉनचे, १एन४१४८ सारखे, साधारण ०.६ व्होल्टच्या आसपास सिग्नल कापतात. लाल एलईडी लावलात तर १.७ व्होल्टच्या आसपास कापतात, म्हणजे आवाज मोठा, मोकळा, कमी दाबलेला, पिक हळू मारलात तर जवळजवळ क्लीन. जर्मेनियम लावलात तर ०.३ च्या आसपास, आवाज लहान होतो, कडा मऊ होतात, लेव्हल नॉब बराच वर न्यावा लागतो.

तिसरा रस्ता मला सगळ्यात आवडतो आणि खर्च जवळजवळ शून्य: एका दिशेला एक सिलिकॉन, दुसऱ्या दिशेला दोन सिलिकॉन एकामागोमाग. वेव्हच्या दोन बाजू वेगवेगळ्या उंचीवर कापल्या जातात आणि त्यातून सम हार्मोनिक (मूळ सुराच्या दुप्पट, चौपट फ्रीक्वेन्सी) जास्त तयार होतात, कानाला ते गोड वाटतं. निवडता येत नसेल तर मधे बंद होणारा छोटा टॉगल स्विच बसवा, एका बाजूला एलईडी, दुसऱ्या बाजूला ही एक-दोनवाली जोडणी, आणि मधे डायोडच नाहीत, म्हणजे मोठा बूस्ट. पण मधल्या जागेवर आवाज एकदम उसळी मारतो हं, हेडफोन घालून स्विच फिरवू नका.

मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडला, जर्मेनियम डायोड मिळतात का? खरे कसे ओळखायचे?

मिळतात, पण मल्टिमीटर सोबत न्या. डायोड मोडवर लावा, सिलिकॉन ०.५५ ते ०.६५ दाखवेल, जर्मेनियम ०.२ ते ०.३५ च्या आसपास. फक्त एवढ्यावर विश्वास ठेवू नका कारण शॉट्की नावाचा वेगळ्या जातीचा डायोडही ०.२ च्या आसपासच दाखवतो आणि तो जर्मेनियम म्हणून गळ्यात मारला जाऊ शकतो. काचेच्या आत बघा. खऱ्या १एन३४ए मध्ये बारीक केसासारखी तार एका तुकड्याला टेकलेली दिसते, ती दिसली की मन शांत. घरी माळ्यावर आजोबांचा बंद पडलेला ट्रान्झिस्टर रेडिओ असेल तर त्यात ओए७९ किंवा तसलाच जर्मेनियम डायोड असण्याची शक्यता चांगली आहे. पण चालू रेडिओ त्यासाठी फोडू नका, कृपया.

उन्हाचं पण लक्षात ठेवा, जर्मेनियम तापमानाला फार हळवं. मे महिन्यात पत्र्याच्या मांडवात वाजवताना आणि एसी जॅम रूममध्ये वाजवताना तोच पेडल थोडा वेगळा लागेल. डायोडमध्ये हे चालून जातं, जर्मेनियम ट्रान्झिस्टरवाल्या फझ पेडलमध्ये मात्र खरा त्रास होतो.

दुकानात काय मागायचं? मला तर काहीच कळत नाही.

ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरा, चालत पोचता येतं, पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असेल पण लॅमिंग्टन रोडच विचारा. रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात. काउंटरवर व्हॅल्यूपेक्षा कोड सांगितलात तर काम लवकर होतं: ०.१ म्हणजे १०४, ०.०४७ म्हणजे ४७३, ०.०३३ म्हणजे ३३३, ०.०२२ म्हणजे २२३, ०.०१५ म्हणजे १५३. "पॉलिस्टर द्या, डिस्क नको" एवढं स्पष्ट सांगा, नाहीतर चपटा सिरॅमिक हातात येतो. हिरवट चकचकीत, शेंगदाण्याएवढा, अंगावर ४७३जे छापलेला, तो बरोबर. दोन नग मागितलेत तर काही दुकानं तोंड वाकडं करतात, सरळ दहा-दहा घ्या, काही रुपयांचाच प्रश्न आहे आणि एखादा पाय तुटला तर परत ग्रँट रोडची वारी नको.

सोबत घ्या: पंचवीस वॉटचं सोल्डरिंग आयर्न, ६०/४० सोल्डर वायर, फ्लक्स, डिसोल्डर पंप, आणि फीमेल बर्ग स्ट्रिप (पार्टचे पाय खोचायच्या छोट्या सॉकेटांची पट्टी). स्ट्रिप कशाला ते पुढे.

ऑप-अँप (सिग्नल मोठा करणारा चिप) बदलला तर व्हिंटेज होईल ना? जुन्या डीएस-१ मध्ये तोशिबाचा होता म्हणे.

होता, टीए७१३६एपी, १९९४ च्या आसपासपर्यंत. नंतर वेगवेगळे आले. जुन्याचं स्वतःचं वळण होतं हे खरंय, पण तो आता बसवायचा म्हणजे आजूबाजूचं सर्किटही बदलावं लागतं आणि बाजारात मिळणारा चिप खरा की खोटा हा वेगळा ताप. नंतरच्या बऱ्याच बोर्डांवर ऑप-अँपचे सगळे पाय एका रांगेत असतात, त्यामुळे नेहमीचा दोन रांगांचा ४५५८ किंवा टीएल०७२ तसाच बसत नाही. या पेडलमध्ये ऑप-अँपवर पैसे घालवू नका. ऑप-अँपने खरा फरक पडतो तो प्रोकोच्या जुन्या रॅट पेडलमध्ये, तिथला एलएम३०८ ऑप-अँप इतका संथ आहे की वरच्या फ्रीक्वेन्सी आपोआप बोथट होतात.

एवढं करण्यापेक्षा ट्यूब स्क्रीमर पेडल का घेऊ नये?

तुम्हाला हलका ओव्हरड्राइव्ह हवा असेल तर खरंच घ्या. तिथे डायोड ऑप-अँपच्या फीडबॅकमध्ये (आउटपुट परत आत नेणाऱ्या वाटेत) असतात म्हणून क्लिपिंग मऊ, आणि ७२० हर्ट्झच्या खालचं कमी कमी डिस्टॉर्ट होतं म्हणून मिड पुढे येतो. डीएस-१ चा स्वभाव वेगळा, डायोड थेट ग्राउंडला, चावा जास्त. आपण तो चावा ठेवून फक्त कडा घासतोय. जाड, सत्तरच्या शेवटचा रिफवाला आवाज हवा असेल तर मॉड केलेला डीएस-१ जास्त जवळ जातो असं माझं मत आहे.

कधी सोल्डरिंग केलेलं नाही. करू का?

करा, पण पहिल्यांदा या पेडलवर नको. एखादा मेलेला बोर्ड घ्या आणि त्यावरचे पार्ट काढायचा, परत लावायचा सराव करा. खरी भीती पार्ट जळायची नसते, बोर्डवरचा तांब्याचा पॅड उचलला जायची असते. टोक एका जागी दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त दाबून ठेवू नका, नाही वितळलं तर काढा, थोडं ताजं सोल्डर आणि फ्लक्स लावा, मग पंप मारा. जुनं कोरडं सोल्डर एकट्याने वितळायला त्रास देतं, ताजं मिसळलं की लगेच पाणी होतं.

उघडायच्या आधी अडॅप्टर काढा, बॅटरी काढा, बोर्डचे दोन्ही बाजूंनी फोटो घ्या. मागच्या पत्र्याचे चार स्क्रू. आत प्लॅस्टिकचा पातळ कागद असतो, तो फेकू नका, बोर्ड पत्र्याला टेकू नये म्हणून आहे. जुने पार्ट छोट्या पाकिटात, वर पेनने नाव लिहून ठेवा, पेडल विकायचं झालं तर कामाला येतात. वॉरंटी असेल तर ती गेली समजा. खिडकी उघडी ठेवा, सोल्डरमध्ये शिसं असतं, हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावू नका.

आता ती बर्ग स्ट्रिप. दोन-दोन पिनांचे तुकडे कापा आणि कॅपॅसिटरच्या जागी सोल्डर करा. मग कॅपॅसिटर नुसते खोचायचे, वाजवायचे, काढायचे, दुसरा खोचायचा. पॅडला एकदाच उष्णता लागते आणि कान आरामात ठरवतो. आवडलेला सापडला की तो कायमचा सोल्डर करा, कारण स्टेजवर पाय आपटून खोचलेला पार्ट निघतो.

उघडलं तर सगळे पार्ट खसखशीएवढे आहेत!

मग तुमचं युनिट एसएमडी आहे, म्हणजे बिनपायाचे बारीक पार्ट थेट बोर्डच्या वर बसवलेले. परत बंद करा. जुनं, पायवाल्या पार्टचं सेकंडहँड शोधा, नाहीतर किट घेऊन स्वतःच बांधा, किटमध्ये हव्या त्या व्हॅल्यू पहिल्यापासूनच टाकता येतात.

मॉड केल्यावर आवाजच येत नाही!

घाबरू नका. आधी पेडल बंद स्थितीत सिग्नल जातोय का बघा. जात असेल तर जॅक, वायरी ठीक आहेत, गडबड तुम्ही हात लावलेल्या जागेतच. भिंग घेऊन दोन पॅडच्या मधे सोल्डरचा पूल झालाय का बघा. दोन्ही दिशांचे डायोड खरंच उलटसुलट लागलेत का बघा, एकाच दिशेला लागले तर आवाज येतो पण अर्धवट, विचित्र. इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर बदलला असेल तर त्याचे प्लस-मायनस बघा. तरीही नाही तर ऑप-अँपच्या आउटपुट पायावर व्होल्ट मोजा, नऊ व्होल्टच्या पेडलवर साधारण साडेचार यायला हवेत.

हम (सतत घुमणारा आवाज) खूप येतो, मॉडमुळे?

बहुतेक नाही. खोलीतला पंखा बंद करून बघा. फिरवायचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची वेव्ह कापून पंखा हळू करतो आणि ती करकर सिंगल कॉइल पिकअप आवडीने पकडतं. जुन्या चाळींमध्ये, जुन्या इमारतींमध्ये अर्थिंगची बोंब असते, तीही तपासा, पण तो प्रश्न इलेक्ट्रिशियनचा आहे, अँपची अर्थ पिन कापून सोडवायचा नाही. जिवावर बेततं.

अडॅप्टर नऊ व्होल्ट, आतली पिन निगेटिव्ह, रेग्युलेटेड. जुन्या डीएस-१ वर एसीए (बॉसच्या जुन्या अडॅप्टरचं नाव) लिहिलेलं असेल तर आजच्या साध्या नऊ व्होल्टच्या अडॅप्टरवर त्याला पूर्ण व्होल्टेज मिळत नाही आणि एलईडी मंद लागतो, ते बिघडलेलं नाही.

ट्रू बायपास (पेडल बंद असताना सिग्नल सर्किटला न शिवता थेट पुढे) पण करून टाकू?

नका करू. तीन-चार पेडल आणि लांब केबल असेल तर बॉसचा बफर (लांब केबलमध्ये सिग्नल कमजोर होऊ न देणारं सर्किट) उपकारच करतो.

बँजोवर चालेल का? आमची बँजो पार्टी आहे, गणपतीत वाजवतो.

पिकअप बसवलेल्या बँजोवर नक्की चालेल, आणि हा प्रश्न विचारल्याबद्दल मनापासून आनंद झाला. फक्त बँजोचा आवाज मुळातच वरच्या पट्टीतला आणि तो जाणार हॉर्नवाल्या स्पीकरमधून, म्हणून वर सांगितलेलं सगळं अजून एक पायरी पुढे न्या: फरफर कापणारा कॅपॅसिटर ०.०३३ पर्यंत चालेल, डिस्ट नॉब अगदी कमी, डायोड एलईडीचे, म्हणजे झटपट सुरावट वाजवताना नोटा एकमेकींत मिसळणार नाहीत. मिरवणुकीत बॅटरीवर चालवणार असाल तर अल्कलाइन घ्या आणि सुटी जवळ ठेवा. पावसाचं पाणी पॉटमध्ये (नॉबच्या खालचा फिरणारा पार्ट) शिरतं, पेडल पारदर्शक पिशवीत घालून तोंड रबराने बांधा, आणि विसर्जनानंतर उघडून पंख्याखाली नीट वाळवा, मग पॉट आणि स्विचमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून नॉब दहा-पंधरा वेळा पूर्ण फिरवा.